डब्यावरची काळी टेप

क्रेनची इंजिनं तपासण्यात पोपटरावांचा जन्म गेला होता. त्या संध्याकाळी ते कात्रजच्या साइटवरून हसतच घरी आले आणि जेवणाच्या डब्यावर चिकटवून आणलेली काळी टेप त्यांनी सुंदराबाईंना दाखवली.

"ऑइलचा लाल दिवा लागला, तर ऑपरेटरनं ही टेप लावून दिवाच झाकला! वर मला म्हणतो, 'काका, इंजिन ठणठणीत आहे, सेन्सर बिघडलाय.' मी मीटर लावून वायर तपासली, सेन्सर तपासला. दोन्ही चोख. ऑइलच तळाला गेलेलं! आणखी थोडं चालवलं असतं तर इंजिन कायमचं बसलं असतं. माणसं इतकी येडी कशी गं असतात?"

"दंड इकडे करा," म्हणत सुंदराबाईंनी बीपीच्या मशिनचा पट्टा बांधला. मशिन घरघरलं आणि आकडा आला एकशे नव्वद. एकशे ऐंशीच्या वर गेलं तर तडक दवाखान्यात या, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं.

"सेल उतरले असतील," पोपटराव म्हणाले. सेल बदलले, तरी आकडा हलेना. मग पट्टा सैल ठरला, मग नळी वाकडी ठरली. शेवटी त्यांनी जाणकाराच्या थाटात निकाल दिला, "अगं, मी ठणठणीत आहे. याचा सेन्सर बिघडलाय."



सुंदराबाईंनी डब्यावरची टेप सोलून काढली, मशिनच्या आकड्यावर नीट चिकटवली आणि म्हणाल्या, "झालं दुरुस्त. आता चपला घाला, रिक्षा बोलावते."