आपापली जागा

अकराव्या गायीचं दावं मास्तरांनी सोडलं नाही, विळ्यानं सरळ कापलं. पाणी गुडघ्याला लागलं होतं. ओल्या गाठींशी झोंबायला सवड कुणाला होती?

मास्तर म्हणजे गोठ्याचे मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच तुटला होता. पण गोठ्याच्या दारात टांगलेला रुळाचा तुकडा त्यांनी सकाळ-दुपार ठोकला, की गायी असतील तिथून येत आणि धारेसाठी आपापल्या जागी उभ्या राहत. जागा चुकायची ती एकटी उंडगी. दोन वर्षं झाली तरी कधी दुसरीच्या जागेवर, कधी रस्त्यावरच. "तुमच्या शाळेत ही कायमची नापास," असं बायको चिडवायची.

ओढ्यावरचा साकव ओलांडून त्यांनी सगळ्या गायी टेकडीवर चढवल्या. बायको लाल छत्री घेऊन आधीच वर पोचली होती. उंडगीसकट अकराही आलेल्या पाहून तिला रडूच फुटलं.

"धारेची वेळ झाली, कासा तटतटल्या आहेत. इथेच काढू," ती म्हणाली. "आता माघारी जाऊ नका."

"खालच्या आळीला कोण उठवणार? दारं लावून झोपलेत सगळे. या पावसात माझी हाक तरी ऐकू जाईल का?"

ते परतले तेव्हा पाणी मांड्यांवर आलं होतं. रुळाचा तुकडा काढून ते घराच्या गच्चीवर गेले, गोठ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि जीव खाऊन ठोकू लागले. थोड्या वेळानं एक दार उघडलं. मग दुसरं. शिंप्यानं म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेतलं. पोरंबाळं पाणी तुडवत दुमजली शाळेकडे निघाली.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. गोठ्याच्या पत्र्यांवरून टेकडीचा माथा तेवढा दिसत होता, आणि पावसात वेड्यासारखी वरखाली होणारी लाल छत्री. तीस वर्षांच्या संसारात बायकोनं दिलेली ही पहिलीच शाबासकी. म्हाताऱ्याला हुरूप आला. त्यांनी आणखी जोरात ठोकलं. आळीतलं शेवटचं घर रिकामं होईपर्यंत ते थांबले नाहीत.

हात खाली आले तेव्हा मागे कडाडकन आवाज झाला. साकव वाहून गेला होता. टेकडीची वाट संपली.

"गेला तर गेला," मास्तर स्वतःशीच म्हणाले. "माझी लक्ष्मी पलीकडे आहे."

तेवढ्यात खालून हंबरणं ऐकू आलं. अगदी जवळून.

कठड्याला धरून मास्तर जिना उतरले. पाणी छातीला लागलं. गोठ्याच्या दाराशी पोचून त्यांनी आत पाहिलं.

पाठी बुडायच्या बेतात होत्या. माना वर करून गायी धारेची वाट पाहत होत्या. एकीच्याही गळ्यात दावं नव्हतं, आणि एकीचीही जागा चुकली नव्हती. कोपऱ्यातल्या आपल्या जागेवर, जन्मात पहिल्यांदाच, उंडगीसुद्धा शहाण्यासारखी उभी होती.