रतनची फाईल

"माझं डोकं म्हणजे सुका नारळ, आपटलं तर जमीन फुटेल!" असं छाती ठोकून सांगणाऱ्या लवूला डॉक्टर म्हणाले, "कबड्डीत डोकं आपटून आपटून मेंदूवर चार डाग पडलेत. विसराळूपणा वाढणार." त्याच्याच संघातल्या रतनला सात निघाले. लवूचा जळफळाट झाला. "कप्तान तो, मेडल त्याला, आता डागही त्यालाच जास्त? पकडी तर मी करायचो!" "अहो, ही काय स्पर्धा आहे?" बायको म्हणाली आणि औषधं आणायला गेली. तेवढ्यात लवूने दवाखान्याच्या बाकड्यावर रतन विसरून गेलेली फाईल उचलली, नाहूरच्या नाक्यावर जाऊन तासभर सात डाग मिरवले. मग घरचा पत्ता आठवेना. रिक्षावाल्याने फाईलवरचा पत्ता वाचून त्याला घाटकोपरला सोडलं. दार रतननेच उघडलं. "माझ्या घरात काय करतोस रे?" लवू डाफरला. रतनने घाबरून "सॉरी यार" म्हटलं, चपला घातल्या आणि निघून गेला.