बिनचहाची बैठक

चहावर साय धरली, तरी कपाला कुणी हात लावेना. शिवाजी पेठेतल्या कृष्णात चौगल्यांच्या घरात, त्यांच्याच सोफ्यावर, त्यांच्याच संस्थेची चार माणसं हाताची घडी घालून बसली होती. कृष्णातरावांना घाम फुटला. पुढं काय होणार ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण ही युक्ती त्यांचीच होती.

संस्थेचं नाव नभोझेप मंडळ. नफा कमवायचा नाही असं घटनेत लिहिलं होतं, आणि तो कधी झालाही नव्हता. जिल्ह्यातल्या पोरापोरींना विमानाचं वेड लावायचं, थर्माकोलची ग्लायडर उडवायला शिकवायचं आणि हुशार पोरं हेरून हवाई दलाच्या परीक्षांना बसवायचं, हे काम. पोरं पास व्हायची. घोडं अडायचं ते आईबापांपाशी. मग कृष्णातराव मंडळी घेऊन त्या घरी जायचे. चहा यायचा, आणि बाप 'हो' म्हणेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. दारी आलेला पाहुणा चहा न घेता उठला, तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. चंदगडच्या एका काजूवाल्यानं संध्याकाळपर्यंत दम धरला होता. पण शेजारणी डोकावायला लागल्या तसा तोही पाघळला. त्याचा मुलगा आता हवाई दलात हेलिकॉप्टर दुरुस्त करतो, आणि काजूवाला दर दिवाळीला मंडळाला काजू पाठवतो.

आज मात्र पोरगी कृष्णातरावांची होती. अनुजानं एनडीएची लेखी परीक्षा, मुलाखत, डॉक्टरी तपासणी, सगळं पार केलं होतं. हवाई दल, तेही वैमानिक होण्यासाठी. आता फक्त बापाची सही राहिली होती, आणि बाप घरात पेनच सापडत नसल्यासारखा वावरत होता. दुसऱ्यांची पोरं आभाळात धाडताना कृष्णातरावांची छाती फुगायची. स्वतःची जाणार म्हटल्यावर मात्र भीती वाटत होती, दुसरं काही नाही. पण जन्मभर गावोगावी धैर्यावर भाषणं ठोकलेल्या माणसानं ते सांगायचं कुणाला?

कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या पद्मजा मॅडमनी मंडळाचं ठरलेलं भाषण सुरू केलं. लेकरू आपलं असलं तरी त्याचं आभाळ त्याचं असतं, वगैरे. सगळी वाक्यं कृष्णातरावांची. मग मंडळाचा खजिनदार, रंकाळ्यावर भेळेची गाडी लावणारा बंडू, याची पाळी आली. आभाळापेक्षा रस्त्यावरच माणसं जास्त मरतात, इथपर्यंत तो नीट आला आणि अडकला. कृष्णातरावांनी सवयीनं पुढचं वाक्य सुचवलं आणि जीभ चावली.

त्यांची बायको पूर्णिमा गार कप उचलून गरम ठेवत होती. तिसऱ्या खेपेला तिनं दूध संपल्याचं साऱ्या गल्लीला कळेल अशा आवाजात सांगितलं. समोर तालमीच्या कट्ट्यावर बसलेली माणसं माना लांब करून आत बघू लागली.

मग कृष्णातरावांनी हुकमाचं पान टाकलं. आवाज खाली आणून त्यांनी आतल्या खोलीकडं बोट दाखवलं. तिथं त्यांची म्हातारी आई, चिमणाबाई, पडून होती. तरुणपणी आपल्यालाही हवाई दलाचं बोलावणं आलं होतं, ते सांगू लागले. आईनं अन्नपाणी सोडलं आणि जाणं राहिलं. ती हळहळ मनातून जाईना, म्हणून तर हे मंडळ काढलं. जिनं पोटच्या पोराला सोडलं नाही, ती नातीला कशी सोडेल? म्हातारी हाय खाईल.

"माझं काय, मी आत्ता सही करतो," कृष्णातराव म्हणाले. "पण आईच्या जिवाशी कसं खेळू?"

घरातलं म्हातारं माणूस आडवं आलं की चहा पिऊन उठायचं, हा नियमही कृष्णातरावांनीच घातलेला. पद्मजा मॅडमनी मान खाली घातली. बंडूनं कपाकडं हात नेला. दाराशी उभ्या असलेल्या अनुजाचा चेहरा उतरला. तो बघवेना, म्हणून कृष्णातरावांनी नजर छताकडं वळवली. तिथं मंडळाची थर्माकोलची विमानं टांगलेली होती. तिकडंही बघवेना.

तेवढ्यात पडदा हलला आणि चिमणाबाई भिंत धरत बाहेर आल्या. मंडळाला देणगीत मिळालेलं जुन्या विमानाचं चाक वाटेतच होतं. त्याला वळसा घालून त्या खुर्चीपाशी पोचल्या. खुर्चीवर पत्रकांचे गठ्ठे होते. ते बंडूनं घाईनं उचलले, तेव्हा कुठं त्यांना टेकता आलं. पूर्णिमानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी तो लांब सारला आणि मंडळींसारखीच हाताची घडी घातली.

कृष्णातराव गडबडले. आई, तू कशाला उठलीस, तुझ्याच काळजीनं बोलतोय, असं काहीतरी पुटपुटले.

"तुजं भ्या माज्या नावावर खपवू नगंस," चिमणाबाई म्हणाल्या. "तुला अडवलं, त्याचं काय झालं बघतोयस न्हवं? गेला असतास तर म्हैन्याला येक खुशालीचं पत्र आलं असतं. न्हाय गेलास, तर जन्मभर घरात विमानं टांगलीयास, परकी माणसं बसलीयात आनि चुलीवरचा च्या उतरत न्हाय. आता हिला अडवलंस, तर ही बी संस्था काढंल. सही कर गुमान. ह्या घरात दोन संस्था मावायच्या न्हाईत."