बरं हाय, ताई

२००५चा महापूर ओसरला आणि समुपदेशक पवित्रा कोल्हापुरातल्या एका अग्निशमन केंद्रात जवानांचं मन मोकळं करायला आली. पहिलाच आला कृष्णात. पुरात एका म्हातारीचा हात निसटला आणि आपल्या मुठीत तिची फुटकी काकणंच कशी उरली, ते तो सांगू लागला. पवित्राला हुंदका आवरेना. शेवटी कृष्णातनंच तिला पाणी आणून दिलं.

नंतरचे अकरा जण एवढंच म्हणाले, "आमचं बरं हाय, ताई." हायसं वाटून तिनं तसाच अहवाल लिहिला.

निघताना ती केंद्रातल्या बंबाचे वयस्कर ड्रायव्हर सोमशेखर यांना म्हणाली, "खंबीर आहेत हो तुमची माणसं."

सोमशेखरनी नजर चुकवली.


"झोप कुणालाच न्हाय, ताई. पर तुमास्नी सोसत न्हाय म्हणून कृष्णातनं सगळ्यांस्नी गप बसवलंय."