बटणाएवढा सेल

कॉम्प्युटर सुरू झाला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण तेवढ्यात लाइट गेली.

त्या जुन्या डब्याच्या पोटातला, वीज नसताना सेटिंग लक्षात ठेवणारा बटणाएवढा सेल संपला होता. त्यामुळे लाइट गेली की त्याला स्वतःची हार्ड डिस्कसुद्धा ओळखू यायची नाही. सरकारी कचेरीतल्या कारकुनाने सेटिंगमध्ये शिरून त्याला डिस्कची पुन्हा ओळख करून द्यायची, की परत लाइट जायची. आज चौथा दिवस.

"बाळा, मी जिवंत असल्याचा दाखला मी जिवंत असेतो मिळेल ना?" खिडकीतून आजोबांनी विचारलं. दाखल्याशिवाय त्यांची पेन्शन सुटत नव्हती.

कारकुनाने दात-ओठ खाल्ले. सेल स्वतः आणून बसवावा, तर सरकारी खुर्चीवर घरची उशी ठेवल्याचा मेमो अजून ताजा होता. भांडाराकडे केलेला अर्ज सकाळीच शेरा मारून परत आला होता: 'संगणक विजेवर चालतो. सेल फक्त घड्याळास मिळेल.'

त्याने कोरा कागद पुढे ओढला.

 

'प्रति, वीज कार्यालय. खिडकीतील आजोबा हयात आहेत तोपर्यंत तरी वीज घालवू नये, ही नम्र विनंती.'