सातवा देश

पहिला देश. निळा पडदा, पुठ्ठ्याचे तारे. गायिका चार पायऱ्या उतरते आणि चौथीवर हसते.

डॉक्टरांनी सलाईनची सुई काढली. म्हणाले, "आता त्यांना हवं ते द्या."

तिसरा देश. निवेदक काय बोलतो ते कळत नाही. गायिकेलाही कळत नसावं. ती योग्य जागी मान हलवते.

कपाटात एक चंदेरी झगा. कंबरेची शिवण उसवून दोन बोटं सैल केलेली.

सहावा देश. इतका धूर सोडलाय की नुसता माईक दिसतो आणि तो धरणारा हात.

"नाव?"

"तिचं की माझं?"

"तुमचं हो, ताई. तिचं अख्ख्या जगाला पाठ आहे."

टीव्ही केंद्रावरच्या संकलकाने फॉर्म पुढे सरकवला. गायिकेच्या टेपा बाहेर काढायच्या तर सख्ख्या नातेवाइकाची सही लागे. लोक गायिकेला मैना म्हणत, घरी ती धाकटी होती. समोर बसलेली मोठी बहीण तिच्याबरोबर देशोदेशी हिंडलेली, झगे आणि टाचण्या सांभाळणारी. तिने सही केली. ओली शाई करंगळीच्या कडेला फासली गेली. तिने ती पदराला पुसली.

"काय हवंय नक्की?"

"सातवा देश."

"दौरा सहा देशांतच झाला ना?"

"म्हणूनच आले. तुम्ही बनवा. सहांतले तुकडे जोडून."

संकलकाने चष्मा कपाळावर चढवला. "आणि दाखवायचं कुणाला?"

"आईला. सहाही तिने पाहिलेत. पायथ्याशी टीव्ही ठेवलाय तिच्या. पाहून झालं की म्हणते, छान. आणि लगेच म्हणते, आता मला धाकटी दाखव ना गं."

"विसरतात या वयात."

"विसरते." मोठीने पदराचा शाईचा डाग मुठीत घेतला. "चार-पाच दिवस आहेत म्हणतात."

"मग मैनालाच बोलवा की! आईपेक्षा मोठा कसला आलाय करार?"

"तिला येता येत नाही."

संकलकाने टेप यंत्रात सरकवली.

"फसवणूक आहे हो ही, ताई."

"माझी आई आहे. मी फसवीन."

दोन दुपारी ते काम चाललं. लांबून घेतलेली दृश्यं, पाठमोरी वळणं, धुरातला हात. वर शेवटच्या तबकडीवरचं गाणं.

"ओठांचं काय करणार?" तिने विचारलं.

"काय करायचंय? टीव्हीवर गातं कोण? टेप वाजते, ओठ हलतात. सहा देशांत तुमच्या बहिणीने एकाच जागी श्वास घेतलाय, बघा. ओठ न हलवता आवाज काढणारा मी एकच माणूस पाहिलाय. माझे सासरे. झोपेत."

मोठी हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दुपारी ती आली तेव्हा तो खुशीत होता.

"एक चूक सापडली. हे बघा, परदेशी जायच्या आधीचं, आपल्याच स्टुडिओतलं. माईक कुठल्या हातात? उजव्या. आणि या सहा टेपा? डाव्या. सहाच्या सहा! दौरा नेणाऱ्या एजन्सीवाल्यांनी नकला काढताना चित्र उलटं केलं. पडद्यावरची परदेशी लिपी मला सरळ काय नि उलटी काय, सारखीच, म्हणून आधी लक्षात आलं नाही. मी सगळं फिरवून सरळ केलंय. शिवाय ओळखीचं चित्र उलटलं की नवं वाटतं. आईंना मागच्यातलं काही ओळखू येणार नाही."

त्याने बटण दाबलं. चंदेरी झगा पायऱ्या उतरला. कपाळभर केस, गालांवर चमकी. उजव्या हातात माईक.

मोठीचा हात तोंडावर गेला.

"चुकलं का काही? पुन्हा उलटवू?"

"नको," ती म्हणाली. "राहू द्या तिला."

आईच्या खोलीत ऊन पलंगाच्या कडेपर्यंत आलं होतं. मोठीने उशी उंच केली, टीव्ही लावला आणि उशाशी बसून राहिली.

सहाही कार्यक्रम आईने हात पोटावर ठेवून पाहिले होते, पाहुण्यांचे फोटो बघावेत तसे. आज पहिल्या वळणालाच तिने मान उचलली.

"जरा पुढे घे मला."

"आई, पडशील."

"घे म्हणते ना."

मोठीने पाठीला हात देऊन तिला बसवलं. पडद्यावर धूर पसरला. धुरातून उजवा हात वर गेला. आईचे ओठ हलू लागले, गाण्याबरोबर, एकही शब्द न चुकता. कार्यक्रम संपला तरी ती पडद्याकडेच पाहत होती.

"छान होता ना?" मोठीने विचारलं. "सातवा देश, आई."

"आली एकदाची," आई म्हणाली. मग तिने उशाजवळचा मोठीचा डावा हात शोधला, आपल्या हातात घेतला आणि शाईचा पुसट डाग अंगठ्याने चोळत राहिली. "ते सहाही तू छान केलेस गं, मोठे. फार दमलीस."

करार सहा देशांचा होता, पहिल्या देशाचं विमान गुरुवारचं. धाकटी मंगळवारी दुपारी तालमीच्या खोलीत कोसळली आणि गेली.