बाहेरचं रिंगण

“हरामखोर आहे तो! दहा फुटांवर बसलाय, पण तोंड दाखवायची हिंमत नाही. बाहुला पाठवलाय,” काशीनाथकाका मॉनिटरकडे बोट रोखून म्हणाले.

“हळू बोला, काका,” नीलिमा म्हणाली.

“का? ऐकू दे की.”

इंद्रलोक सोसायटीतल्या त्या वन बीएचकेच्या बेडरूमला केबिन म्हणायचं, असा ऑफिसचा रिवाज होता. केबिनचं दार बंद. आत साहेब. बाहेर हॉलमध्ये शेजारीशेजारी दोन कॉम्प्युटर, आणि दोन्ही पडद्यांवर एकच पट. कवड्यांचा जुना खेळ, अष्टचंगा. पंचवीस घरं, पण एकेक घर अंगणाएवढं. इंटरनेटवरच्या ज्या मायावी जगात लोक बाहुले होऊन हिंडतात, तिथे हा पट नीलिमाने उभा केला होता. सोंगट्या नाहीत, माणसानेच घरात उभं राहायचं. कवड्या आभाळातून पडायच्या. फरशीवरची नक्षी काकांची. फ्लेक्स आले आणि त्यांचं दुकानांचे बोर्ड रंगवणं सुटलं. पन्नाशीत त्यांच्या हातात माऊस दिला तो नीलिमानेच.

नियम तिच्या गुहागरच्या घरचे. समोरच्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रिंगणात जाता येत नाही, बाहेरच फेऱ्या घालायच्या. आणि मारण्याआधी विचारायचं. म्हणून दान जुळलं की पडद्यावर प्रश्न यायचा: मारू? हो. नाही.

साहेबांना पहिला नियम फार आवडला होता.

आज पटाच्या पायऱ्यांवर परदेशातले पाच पाहुणे बसले होते. तेही बाहुलेच. पट घ्यायचा की नाही, ते ठरवायला आलेले. त्याआधी सकाळी साहेबांनी दोघांना उभं करून सांगितलं होतं, “मंदी आहे. पुढच्या महिन्यापासून एकच सीट. आज जो मधल्या घरात पोचेल तो राहील. पाहुण्यांना दाखवणंपण होईल, तुमची गंमतपण होईल. अर्ध्यातून उठला तो नोकरीतून उठला.”

गंमत सुरू होऊन पाऊण तास झाला होता.

नीलिमाला तीनचं दान पडलं. तिसऱ्या घरात काका.

मारू?

तिने ‘नाही’ दाबलं. दोन बाहुले एकाच घरात खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

“तिसऱ्यांदा सोडलंस,” काका म्हणाले. “मार ना गं. नुसता खेळ आहे.”

“मग मघाशी चार पडले तेव्हा तुम्ही का नाही मारलंत?”

“दिसलं नाही. चष्मा सापडत नव्हता.”

“नाकावर होता.”

काका हसले. मग हसू आवरून म्हणाले, “तुझी सान्वी आत्ता पहिलीत ना?”

“तिला मध्ये आणू नका हां. या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण दारात उभं करणार, हे मी काढलं का?”

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. काकांनी कवड्या टाकल्या. एक. सरकले. तिने टाकल्या. दोन. सरकली. तोच कोपरा, तीच फुलीची घरं, पुन्हा तोच कोपरा. पायऱ्यांवरचा एक पाहुणा उठला आणि भुर्रकन उडून गेला.

पटाच्या टोकाला सोनेरी खुर्चीत साहेबांचा बाहुला बसला होता. निळा सूट, आणि साहेबांच्या डोक्यावर नाहीत तेवढे केस. फक्त त्या दोघांनाच दिसेल असा त्याचा मेसेज आला: ‘क्या चल रहा है? मारो. क्लायंट जा रहा है.’

काकांना दोन पडले. दोन घरांवर नीलिमा. त्यांच्या पडद्यावरचा प्रश्न तिला दिसत होता. काकांनी चष्मा पुसला, नीट डोळ्यांना लावला, आणि ‘नाही’ दाबलं.

पुन्हा मेसेज: ‘ठीक है. सवाल निकाल दिया.’

नीलिमाने घाईघाईने नियमांचं पान उघडायला घेतलं. तिचाच पासवर्ड, आणि चालेना.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“आता विचारणार नाही. ज्याचं दान जुळेल त्याच्या हातून आपोआप मारलं जाणार.”

“आणि नाहीच टाकलं दान तर?”

“मिनिटभर वाट बघून कवड्या आपोआप पडतात. मीच केलंय तसं. लोक ताटकळू नयेत म्हणून.”

दोघांचे बाहुले अजून एकाच घरात होते. नीलिमाने नाइलाजाने दान टाकलं. एक घर पुढे गेली. मग काकांची पाळी. त्यांनी मागे राहावं तर नेमकं तीनचं दान पडून ते तिच्या दोन घरं पुढे जाऊन उभे राहिले, फुली नसलेल्या उघड्या घरात. आता पुन्हा तिची पाळी, आणि दोन पडले की काका मारले जाणार. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उलटा पळायला लागला. साठ. एकोणसाठ.

“टाक,” काका म्हणाले. “मला वाईट नाही वाटणार.”

“मला वाटेल त्याचं काय?”

चव्वेचाळीस. त्रेचाळीस.

नीलिमाने खाजगी मेसेजची खिडकी बंद केली. सगळ्यांना दिसते ती उघडली, आणि पाहुण्यांना कळावं म्हणून तोडक्यामोडक्या इंग्रजीत भराभर लिहिलं. अक्षरं पटावर तरंगली. उरलेले चारही बाहुले पायऱ्यांवरून सोनेरी खुर्चीकडे वळले. बेडरूममध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली.

“काय लिहिलंस गं?” काकांना इंग्रजी लागत नव्हतं.

ती उठली नाही. उठायचं नव्हतंच. बसल्या जागेवरूनच बंद दाराकडे मान वळवून, शेजारच्या फ्लॅटमध्ये जाईल एवढ्या मोठ्याने तिने तेच मराठीत सांगितलं,

“सर, पटावर आम्ही दोघंच उभे आहोत. तुमची सोंगटी कुठल्या घरात आहे? सांगा. सगळे थांबलेत.”